गॅस गिझर काढून पुन्हा लाकडावरचा बंब: हा बदल सुरक्षितपणे कसा करायचा?

डिसेंबर आला की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या आपल्या पट्ट्यात एक प्रश्न हमखास फिरतो. मी कोड लिहून पोट भरतो, पण नातेवाइकांच्या दृष्टीने इंजिनीअर म्हणजे मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं कळणारा माणूस, त्यामुळे तो माझ्याकडेही येतो. प्रश्न असा असतो: "गॅस गिझर काढून गावाकडचा तांब्याचा बंब बसवायचाय. गिझरसाठी भिंतीत भोक आहेच, त्यातूनच बंबाचा धूर बाहेर काढला तर चालेल ना?"

नाही चालणार. गॅससाठी केलेली जागा, भोक आणि पाइप यातलं काहीही लाकडाच्या जाळाला उपयोगी नाही. बंब परत आणायचाच असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, उघड्यावर ठेवायचा आणि गरम पाणी आत न्यायचं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर हा बदल करूच नका. असं का, आणि मागे-पुढे मोकळी जागा असलेल्या घरात तो कसा करायचा, ते आता नीट बघू.

गिझर हवा खातो, लाकूड त्याहून जास्त

सिलेंडरवर चालणारा छोटा इन्स्टंट गिझर साधारण १० किलोवॅटचा असतो. म्हणजे तासाला पाऊण किलोपेक्षा थोडा जास्त एलपीजी. १५ मिनिटं अंघोळ चालली तर सुमारे २०० ग्रॅम गॅस जळतो, आणि तेवढा गॅस पूर्ण जळायला अडीच घनमीटरच्या वर हवा लागते. आता आपल्याकडचं नेहमीचं बाथरूम घ्या: ४ बाय ६ फूट, उंची ८ फूट. त्यात एकूण हवा साडेपाच घनमीटरच्या आसपास. दार-खिडकी बंद असेल तर एका अंघोळीत खोलीतली जवळपास निम्मी हवा गिझरने वापरलेली असते. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात आणि दाराची कडी काढायचंही भान राहत नाही. दर हिवाळ्यात 'बाथरूममध्ये बेशुद्ध' अशा बातम्या येतात, त्यातल्या कित्येक याच्याच असतात. म्हणून गिझर ठेवणार असाल तरी तो बाथरूमच्या बाहेर, हवा खेळती असेल तिथे लावायचा.

लाकूड काही बाबतीत गॅसपेक्षा वाईट वागतं. गॅस निदान निळ्या ज्योतीने जळू शकतो. लाकूड आधी तापतं, त्यातून वाफ आणि जळाऊ धूर निघतो, तो पेटतो, आणि शेवटी निखारे उरतात. अर्धा किलो लाकडाला हिशेबाने अडीच घनमीटर हवा लागते, पण प्रत्यक्षात नीट जळायला त्याच्या दुप्पट. म्हणजे एका बादलीच्या जाळाला बाथरूममधली जवळपास सगळी हवा गेली. आणि सगळ्यात फसवा भाग निखाऱ्यांचा. जाळ असतो तेव्हा धूर दिसतो, माणूस खोकतो, बाहेर पडतो. धूर संपून लालबुंद निखारे उरले की सगळ्यांना वाटतं आता काळजी नाही, पण कार्बन मोनॉक्साइडची भीती तेव्हाच जास्त असते. थंडीत घमेल्यात निखारे घेऊन खोली बंद करून झोपणारे याच कारणाने सकाळी उठत नाहीत.

भिंतीतलं भोक म्हणजे धुरांडं नव्हे

मुळात आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गिझरना धुराचा पाइपच नसतो. वरच्या जाळीतून गरम वायू खोलीतच सुटतात. 'भोक' म्हणून जे दाखवतात ते एक्झॉस्ट फॅनचं किंवा काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीचं असतं. कुठे प्लंबरने घड्या पडणारा ॲल्युमिनियमचा पाइप लावलेला असतो, कुठे चक्क पीव्हीसीचा. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो. त्यातून लाकडाचा धूर काढायचा विचारही नको.

धूर वर का जातो? गरम हवा हलकी असते म्हणून. बाहेर २० अंश आणि पाइपात सरासरी १५० अंश तापमान धरलं तर ३ मीटर उभ्या पाइपाला साधारण ११ पास्कल ओढ मिळते. १ मीटरला साडेतीन. हा इतका मामुली दाब आहे की आडवा पाइप, दोन वाकणं किंवा समोरून आलेला वारा तो सहज खाऊन टाकतो. त्यात शेजारच्या किचनमधली चिमणी किंवा बाथरूमचा पंखा चालू असेल तर हवा उलटी वाहते आणि धूर घरात येतो. भिंतीतून आडवा बाहेर काढलेला पाइप म्हणूनच फसतो. वारा कधी कुठून येईल ते तुमच्या हातात नाही.

दुसरं म्हणजे काजळी. लाकडाच्या धुरातली डांबरासारखी द्रव्यं थंड पाइपात आतून चिकटतात, थर जाड होतो आणि एक दिवस तोच थर पेटतो. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना हे लवकर कळतं, कारण तिथल्या घरांत गॅसची फायरप्लेस असते आणि हौस म्हणून ती लाकडावर न्यायचा विचार कुणाच्याही डोक्यात येतो. तिथे फक्त गॅससाठी बनवलेला 'बी-व्हेंट' नावाचा दुहेरी पाइप असतो, त्याचं आतलं अस्तर ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. लाकडासाठी मंजूर होणाऱ्या धुरांड्याची चाचणी मात्र थेट ११५० अंशांच्या आसपास घेतात, कारण काजळी पेटली की तापमान तिथवर जाऊ शकतं. म्हणून गॅसवरून लाकडावर जाताना धुरांड्याची आतून पाहणी करून घ्यायची, असं तिथलं अग्निसुरक्षेचं मानक सांगतं. मूळचं विटांचं धुरांडं शाबूत असेल तरच पुढे जायचं, नाहीतर नवं धुरांडं बांधायचं. आपल्याकडे असं मानक कुणी दारावर येऊन तपासत नाही, पण धातू वितळायचा तिथेच वितळतो.

फ्लॅटवाल्यांसाठी एवढंच: चौथ्या मजल्यावरच्या ड्राय बाल्कनीत बंब लावला तर धूर पाचव्या मजल्यावरच्या खिडकीत जाणार, वर वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिणगी जाणार, आणि बाजूला सिलेंडर असणार. स्टोरेजचा विजेचा गिझर घ्या किंवा सोसायटीच्या गच्चीवर सोलर लावा. उल्हासनगरच्या जुन्या बराकींमधल्या घरांनाही हेच लागू. एकमेकांना चिकटलेल्या भिंती, वर वाढवलेले मजले आणि हातभर गल्ली, तिथे धुराला जायला जागा नाही.

बैठं घर आहे, परसदार आहे: मग कसं करायचं

बदलापूर गाव, एरंजाड, वांगणीकडची घरं, अंबरनाथच्या आजूबाजूची गावं, इथे अजून मागच्या पडवीत बंब दिसतो. माझ्या मावशीकडेही आहे. तिथे दर हिवाळ्यात पेटवायचं काम माझं, त्यामुळे पुढचं बरंचसं तिथलंच आहे.

पहिलं काम गॅस नीट बंद करण्याचं. सिलेंडर असेल तर रेग्युलेटर बंद करून काढायचा, व्हॉल्व्हवर प्लास्टिकचं बूच घट्ट बसवायचं आणि गिझरची रबरी नळी पूर्ण काढून टाकायची. 'नंतर लागेल' म्हणून ती लोंबकळत ठेवायची नाही. आपल्या तिन्ही शहरांत महानगर गॅसची पाइपलाइन आलेली आहे. तुमचा गिझर तिच्यावर असेल तर तो जोड कंपनीच्या माणसाकडूनच काढून कायमचा बंद करून घ्या, ओळखीच्या प्लंबरकडून नाही. आणि हे लक्षात ठेवा: सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत पसरतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. बंबाचा निखारा जमिनीलगत असतो. म्हणून सिलेंडर आणि बंब एका पडवीत नकोत, मध्ये भिंत हवी. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा नंबर आत्ताच सेव्ह करा.

जागा कशी निवडायची? तीन बाजूंनी नाही तर निदान दोन बाजूंनी पूर्ण उघडी. खाली फरशी किंवा विटा. वर छप्पर असेल तर ते कशाचं आहे ते बघा. सिमेंटचा पत्रा चालेल, पण आपल्याकडे पावसाळ्यात लावलेली निळी ताडपत्री आणि फायबरचा पत्रा डिसेंबरातही तिथेच असतो. तो आधी काढा. ज्या खिडकीतून हवा झोपायच्या खोलीत जाते तिच्याखाली बंब नको. आमच्याकडे आधी बंब अगदी मोरीच्या दाराशी होता. कार्बन मोनॉक्साइडचा मीटर दारात आतल्या बाजूला टेकवून बघितला तर निखारे पडल्यावर आकडा चढायला लागला. बंब दहा-बारा पावलं लांब नेल्यावर तो हलला नाही.

आता खुद्द बंब. त्याची रचना अगदी हुशार आहे: मधोमध उभी नळी, तिच्यात जाळ, खाली जाळी आणि राखेची जागा, आणि नळीभोवती पाणी. जाळाची उष्णता नळीच्या भिंतीतून थेट पाण्यात जाते. अनेक वर्षं माळ्यावर पडलेला बंब उतरवला असेल तर आधी थंड पाण्याने भरून रात्रभर ठेवा. सकाळी खाली ओल दिसली तर तांबटाकडे न्या. पाण्याशिवाय पेटवणं हा बंबाचा सगळ्यात मोठा शत्रू. सांध्यांना वापरलेलं कथील-शिशाचं मिश्रण १८० अंशांच्या थोडं वर वितळायला लागतं. आत पाणी आहे तोवर सांधा १०० च्या आसपास राहतो, पाणी संपलं की काही मिनिटांत सुटतो. म्हणून आधी पाणी, मग जाळ. आणि पाणी काढलं की लगेच तेवढंच थंड पाणी वरून ओतायचं.

आता जीवघेणी चूक. काही हौशी लोक गिझरची नळजोडणी तयारच आहे म्हणून ती बंबाला जोडतात: टाकीचं पाणी आत, शॉवरला बाहेर, आणि दोन्हीकडे कॉक. दोन्ही कॉक बंद आणि खाली जाळ चालू, म्हणजे तुम्ही बॉम्ब तयार केलात. गॅस गिझरमध्ये पाण्याचा प्रवाह थांबला की ज्योत आपोआप विझते. लाकडाला असं बटण नाही. पाण्याची वाफ झाली की ती साधारण १,७०० पट जागा मागते. बंबाचं वरचं तोंड नेहमी उघडं हवं, त्यावर झाकण दाबून बसवायचं नाही, कापडाचा बोळा घालायचा नाही. बाजारात नळाला जोडायचे लाकडावरचे स्टीलचे गिझर मिळतात, त्यांना वर उघड्या तोंडाचा हवेचा पाइप लागतो, तो टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्याही वर न्यावा लागतो. त्याला कॉक लावायचा नसतो. दुकानदाराने हा पाइप 'ऑप्शनल आहे' म्हटलं तर दुसरं दुकान बघा.

उघड्यावर ठेवलेल्या बंबाला वेगळं धुरांडं नसलं तरी चालतं, पण छपराखाली असेल तर लावाच. नळीच्या तोंडाएवढाच व्यास ठेवायचा, कमी करायचा नाही. काळ्या लोखंडी पत्र्याचा किंवा स्टीलचा पाइप घ्या. गॅल्व्हनाइज्ड पाइप स्वस्त असतो, पण जाळाजवळ त्याच्यावरचं जस्त तापून विषारी धूर सुटू शकतो. पाइप शक्य तितका सरळ उभा. एकेरी पत्र्याच्या पाइपापासून लाकडी वासे, प्लास्टिक वगैरे निदान दीड फूट लांब. छपराच्या वर किती न्यायचा यासाठी तिकडचा एक सोपा नियम आहे: छपरातून जिथे बाहेर पडतो तिथून ३ फूट वर, आणि आजूबाजूच्या १० फुटांत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा २ फूट वर.

परवडतं का? आणि जाळायचं काय?

२० लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे २.१ मेगाज्यूल उष्णता लागते. गिझरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर हे काम ५७ ग्रॅम एलपीजीत होतं. म्हणजे १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये अडीचशे बादल्यांच्या आसपास. लाकडात किलोला १५ मेगाज्यूल असतात, पण बंबातून पाण्यात जाते ती त्यातली काहीच. मी चौथा हिस्सा धरलाय. मग एका बादलीला साडेपाचशे ग्रॅम, आणि एका सिलेंडरच्या बदल्यात १४० किलो सुकं लाकूड. तुमच्याकडचा मोळीचा भाव टाकून स्वतः हिशेब करा. विकतच्या लाकडावर फार बचत होत नाही, असं माझं मत.

बचत करायला मग लोक फुकटचं जळण शोधतात, आणि आपल्या भागात ते भरपूर आहे. उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटच्या मागे प्लायवूड, एमडीएफ आणि सनमायकाचे तुकडे गोणीने मिळतात. ते पेटतातही झकास, कारण त्यांच्यात रेझिन असतं. जाळल्यावर त्यातून फॉर्मल्डिहाइडसारखे वायू निघतात, आणि कडेच्या पीव्हीसी पट्टीतून हायड्रोजन क्लोराइड, म्हणजे ओलाव्याला भेटलं की हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते तुमच्या फुप्फुसात जातं आणि तांब्यालाही खातं. हे अजिबात नको. जीन्सच्या चिंध्या, पॉलिश केलेली जुनी दारं, रंगवलेल्या खिडक्या, हेही नको.

अंबरनाथ एमआयडीसीतून येणाऱ्या लाकडी पॅलेटचं थोडं वेगळं आहे. परदेशी मालासोबत आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीच्या चित्राचा शिक्का असतो. त्यात रोमन लिपीत 'एचटी' ही अक्षरं असतील तर लाकडाला फक्त उष्णता दिलेली आहे. 'एमबी' असेल तर मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घेऊ नका. शिक्का नसेल किंवा लाकडावर केमिकलचे डाग असतील तर 'एचटी' असूनही घेऊ नका. ड्रमखालून आलेलं पॅलेट काय काय प्यायलं असेल ते आपल्याला कळणार नाही.

सगळ्यात बरं म्हणजे बाभूळ, आंबा, जांभूळ अशा झाडांच्या वाळलेल्या फांद्या. मात्र शहराच्या हद्दीत उभं झाड तोडायला महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष जतन कायद्याखाली परवानगी लागते, 'माझ्याच अंगणातलं आहे' हे कारण चालत नाही. ताज्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं, नीट वाळलेल्यात १५ ते २० टक्के. ओलं लाकूड म्हणजे धूर, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड, तिन्ही जास्त. वाळलंय का ते बघायला एक तुकडा किचनच्या काट्यावर तोलून फोटो काढून ठेवा, पंधरा दिवसांनी पुन्हा तोला. वजन अजून उतरत असेल तर थांबा.

धूर बाहेर गेला म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने घरातल्या जळणाच्या धुराने २०२० या एका वर्षात जगभर ३२ लाख माणसं गेली. पेटवणाऱ्याने वाऱ्याच्या पाठीशी उभं राहायचं, फुंकणी मारताना तोंड नळीवर धरायचं नाही, आणि आजी-आजोबा किंवा बाळ असेल तिकडे धूर जात असेल तर त्या दिवशी बंब नाही.

फोन यात काय करू शकतो, काय नाही

ॲप स्टोअरवर 'गॅस डिटेक्टर' नावाची ॲप्स दिसतात. तुमच्या फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर, होकायंत्र, प्रकाशाचा सेन्सर, काहींत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. वायू ओळखणारा सेन्सर नेहमीच्या फोनमध्ये नसतो. ॲप स्क्रीनवर आकडा दाखवतं तो कुठून आणतं ते डेव्हलपरलाच माहीत. अनइन्स्टॉल करा.

स्मार्टवॉचचा ऑक्सिजनचा आकडा त्याहून फसवा. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जवळजवळ ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखंच शोषतं. त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही घड्याळ किंवा बोटावरचं ऑक्सिमीटर ९८ दाखवू शकतं. 'ऑक्सिजन तर ठीक आहे' म्हणून घरी बसू नका.

खरा अलार्म वेगळा घ्यावा लागतो. ऑनलाइन घेताना 'कार्बन मोनॉक्साइड' लिहिलंय ना ते बघा. एलपीजी गळतीचा डिटेक्टर ही वेगळी वस्तू आहे आणि धुराचा अलार्म तिसरी. युरोपचं मानक 'ईएन ५०२९१' किंवा अमेरिकेचं 'यूएल २०३४' लिहिलेलं असेल तर उत्तम. युरोपच्या मानकाप्रमाणे हवेत ५० पीपीएम असेल तर अलार्म ६० ते ९० मिनिटांत वाजायला हवा, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ३०० ला ३ मिनिटांच्या आत. आतला सेन्सर कायमचा नसतो, मागे लिहिलेली तारीख बघा. आणि इंजिनीअरिंगच्या मुलांनो, आर्डुइनोवर एमक्यू-७ लावून प्रोजेक्ट जरूर करा, पण त्याच्या भरवशावर घरच्यांना झोपवू नका. त्याचं रीडिंग आर्द्रतेने आणि तापमानाने सरकतं, आणि कॅलिब्रेशन घरी होत नाही.

फोन एका कामाला मात्र खरंच छान आहे. जाळ पेटवण्याआधी नळीच्या तोंडाशी उदबत्ती धरा आणि स्लो मोशन व्हिडिओ घ्या. धूर आत ओढला जातोय की बाहेर ढकलला जातोय ते स्पष्ट दिसतं. मग घरातले पंखे आणि किचनची चिमणी चालू करून पुन्हा घ्या. धूर घराकडे वळला तर जागा बदला. पाइपात काजळी किती साठली तेही टॉर्च लावून खालून फोटो काढला की कळतं, अर्थात बंब थंड असताना.

राख लगेच प्लास्टिकच्या डब्यात टाकू नका. आत दडलेला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. झाकणाची पत्र्याची बादली, ती घराबाहेर, वर पाणी शिंपडून.

आणि कुणी अंघोळीला गेलं आणि हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा. आत शिरताना श्वास रोखा, दार-खिडक्या सताड उघडा, माणसाला आधी मोकळ्या हवेत ओढून आणा, गॅस किंवा जाळ नंतर बंद करा. १०८ ला फोन करा. श्वास चालू नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. दवाखान्यात 'चक्कर येऊन पडला' एवढंच सांगू नका, 'बंद जागेत गॅस गिझर चालू होता' किंवा 'लाकूड जळत होतं' हे पहिल्या वाक्यात सांगा. कारण मग डॉक्टर लगेच ऑक्सिजन लावतात आणि रक्तातलं कार्बॉक्सीहिमोग्लोबिन तपासतात. नुसती शुगर आणि बीपी बघून हे कळत नाही. त्या वेळी घरात असलेल्या बाकीच्यांचंही डोकं दुखत असेल तर त्यांनाही सोबत न्या.